गुंजीचा थेंब आणि धुकेआत्या

गुंजी होती एक मधमाशी. एवढीशी! तिळाएवढी!

थंडीचे दिवस होते. समुद्राकाठी एक शेत होतं. भात कापून झालं होतं. आता तिथे वालाची वेल होती. पाऊस तर केव्हाच गेला. मग वेलीला पाणी कोण पाजणार? धुकं पाजणार! पहाटे धुकं यायचं. वेल चुटूचुटू प्यायची. मग फुलं उमलायची.

पण हल्ली धुकं आलंच नव्हतं. वेलीवर एकच फूल उरलं होतं. गुंजीने त्यातला मधाचा थेंब घेतला. घरी धाकटं बाळ होतं ना! फणसाच्या ढोलीत वाट बघत होतं.

निघाली गुंजी. गुं गुं गुं!
आला वारा. सूं सूं सूं!
थेंब सांडला. टप्प!
फूलही गळलं.

गुंजी रडली. मग डोळे पुसले. वेलीकडे गेली. गुं गुं गुं!

"थेंब सांडला, बाळ उपाशी.
वेलमावशी, फूल दे ना!"

वेल म्हणाली, "कळ्या आहेत गं, पण सुकल्यात.
धुकं येईना, मी फूल देईना."

गुंजी गेली समुद्रावर. गुं गुं गुं! तिथे धुकं लपून बसलं होतं.

"वेल फूल देईना,
थेंब सांडला, बाळ उपाशी.
धुकेआत्या, ये ना!"

धुकेआत्या हळूच म्हणाली, "वारा मला पळवून लावतो गं.
वारा थांबेना, मी येईना."

गुंजी गेली वाऱ्याकडे. गुं गुं… धप्प! वाळूत पडली. उठली. पुन्हा उडाली. गुं गुं गुं!

"धुकं येईना,
वेल फूल देईना,
थेंब सांडला, बाळ उपाशी.
वारामामा, थांब ना!"

वारा म्हणाला, "शेत किती तापलंय! त्याला फुंकर नको घालू?
शेत निवेना, मी थांबेना."

गुंजी आली शेतात. गुं गुं गुं! ढेकळं गरम. पाय पोळले. हाय हाय!

"वारा थांबेना,
धुकं येईना,
वेल फूल देईना,
थेंब सांडला, बाळ उपाशी.
शेतदादा, निव ना!"

शेत म्हणालं, "मी तरी काय करू?
सूर्य निजेना, मी निवेना."

गुंजी उडाली उंच उंच. पंख दुखले. तरी उडाली. सूर्य समुद्राच्या कडेला बसला होता. लाल लाल! पेंगुळलेला!

"शेत निवेना,
वारा थांबेना,
धुकं येईना,
वेल फूल देईना,
थेंब सांडला, बाळ उपाशी.
सूर्यआजोबा, निजा ना!"

सूर्यआजोबांनी जांभई दिली. "आऽऽऽ! झोप तर आलीय गं बाळा. पण सगळे मला 'ये ये' म्हणतात. थोपटत कोणीच नाही.
अंगाई कोणी गाईना, मी निजेना."

"एवढंच?" गुंजी म्हणाली. "मी गाते ना!"

ती आजोबांच्या कानाशी गेली. हळू हळू गायली.
गुं… गुं… गुं…
गुं… गुं… गुं…

सूर्य निजला.
शेत निवलं. गार गार!
वारा थांबला. गप्प गप्प!
धुकं आलं. पांढरं पांढरं, मऊ मऊ! त्याने वेलीला कुशीत घेतलं.
टिप टिप! टिप टिप!
वेल प्यायली. चुटू चुटू!

सकाळी कळी उमलली. जांभळी जांभळी! वेल म्हणाली, "घे गं माझी बाय."

गुंजीने थेंब घेतला. घट्ट धरला. गेली घरी. गुं गुं गुं!

बाळाने थेंब चाटला. मिटक्या मारल्या. गुंजीकडे बघितलं. आणि म्हणालं,

"अजून!"