शेंड्यावरचं गाणं

फार मागची गोष्ट. एका रानात सावरीचं उंच झाड होतं. पहाटे त्याच्या शेंड्यावर बसून जो गाईल, त्याचंच गाणं रानाचं मानायचं, अशी तिथली रीत होती. म्हातारा राघू शेंड्याजवळ बसून ती गाणी पाठ करी आणि पिलांना शिकवी.

साळुंकीचं वय झालं होतं. तिच्या आजीचं एक गाणं आता तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. ती म्हणाली, "राघूदादा, एवढं पिलांना शिकवा. नाहीतर माझ्याबरोबर जाईल ते."

"मग ये ना शेंड्यावर. अडवलंय कुणी?"

"पहाटे गारठा असतो. अंड्यांवरून उठू कशी? की तुम्ही बसता?"

राघू हसला, पण मनानं तो वाईट नव्हता. दुसऱ्या पहाटे तो खरंच तिच्या ढोलीत अंडी उबवत बसला आणि साळुंकी शेंड्यावर गेली.

तिचं गाणं त्यानं नीट ऐकलं. तेवढ्यात शेजारच्या घरट्यातूनही हलका सूर आला. मग पलीकडून आला, खालच्या झुडपातून आला. अंड्यांवर बसल्या बसल्या साऱ्याजणी गात होत्या.

साळुंकी परतली तेव्हा त्यानं विचारलं, "तुझं पाठ झालं गं. पण ह्या कधीपासून गातात?"

"पहिल्यापासून. तुम्ही वर असता."

उजाडल्यावर राघूनं पिलांना हाक मारली, "चला रे, आज घरटी फिरायची आहेत."

पहिली ढोली साळुंकीचीच होती. पिलं तिच्या आजीचं गाणं चुकतमाकत म्हणू लागली. साळुंकीनं अंग सैल सोडलं आणि निवांत डोळे मिटले.