कुमुदेचं सातवं घरटं

पूर्वी चंपानगरीत दीर्घबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या तळ्याकाठी सुगरण पक्षी होऊन जन्मला. तिथल्या बाभळीवर त्याचा थवा लोंबती घरटी विणत असे, आणि आपल्या विणकामाचा त्या थव्याला भारी अभिमान होता.

एके दिवशी नदीपलीकडचं रान पेटलं. होल्यांची, म्हणजे रानकबुतरांची, चाळीस जोडपी जीव वाचवून बाभळीवर येऊन बसली. त्यांत कुमुदा नावाची एक मादी होती. तिची अंडी आगीत गेली होती, आणि पुन्हा अंडी घालायचे दिवस जवळ येत होते.

थव्यात उत्साहाची लाट आली! चित्रक नावाचा सुगरण तर छाती फुगवून म्हणाला, "रडू नका हो! चार दिवसांत सगळ्यांना घरं!"

घरटी विणली गेली. खालून लांब नळी, वर गोल खोली, एकेक अशी देखणी की बघत राहावं! पण होले आत जाईनात. कुमुदेनं नळीत डोकं घातलं, तर ते अडकलंच. तिघांनी ओढून तिला बाहेर काढलं. थव्यानं नळी रुंद केली, तरी ती जाईना.

"फुकटचं मिळालं की नखरे सुचतात," चित्रक चिडला आणि निघून गेला. मग एकेक करून सगळेच आपापल्या फांदीवर परतले. बोधिसत्त्व एकटा विणत राहिला. चोच सोलवटली. अकराव्या दिवशी त्याच्याही मनात आलं, पुरे झालं आता.

तेवढ्यात शेजारच्या फांदीवर चित्रकाची जोडीदारीण आली. चित्रकानं तिच्यासाठी घरटं अर्धं विणून ठेवलं होतं. तिनं ते ओढून पाहिलं, मान वाकडी केली आणि भुर्रकन उडून गेली. चित्रकानं हूं की चूं न करता गवताची नवी काडी उचलली. बोधिसत्त्वाला हसू आवरेना.

"चित्रकदादा, हे कितवं?"

"पाचवं."

"राग नाही आला?"

"राग कसला? अंडी तिला घालायचीत. तिला पटायला नको?" असं म्हणता म्हणता चित्रकाला कुमुदा आठवली आणि त्याची चोच उघडीच राहिली.

दोघे थेट कुमुदेकडे उडाले. "ताई, तुला घर कसं हवं?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! ती संकोचून म्हणाली, "भाऊ, आम्हांला बेचक्यात आडव्या काटक्या पुरतात. वरून उघडं हवं."

आता सुगरणांना काटक्या कुठं रचता येतात? पहिलं घरटं रचता रचता पडलं. दुसरं वाऱ्यानं नेलं. तिसऱ्यावर कुमुदा बसली आणि लगेच उठली. पण आता चित्रकाला चेव चढला होता. "चौथं घ्या!" तो ओरडे, आणि एकेक सुगरण काटकी घेऊन परत येऊ लागला. सहावंही मोडलं. सातव्यावर कुमुदा बसली. सगळी बाभूळ श्वास रोखून बघत होती. ती उठली नाही!

दोन दिवसांनी तिथं दोन पांढरी अंडी होती. काय तो कलकलाट! तळ्यावरची गुरंसुद्धा बुजली. मग थवा उरलेल्या एकोणचाळीस जोडप्यांकडे वळला. त्याला सगळा हंगाम लागला, पण मधेच कुणी घरी गेलं नाही.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोरच्या सोणुत्तर भिक्खूकडे पाहिलं. पुरानं उठवलेल्या लोकांच्या छावणीत झोपड्या बांधायला तो गेला होता आणि वैतागून परत आला होता.

"सोणुत्तरा, तेव्हाचा चित्रक तूच. तो थवा म्हणजे हा भिक्खुसंघ. तुझी झोपडी तीनदा नाकारणारी छावणीतली म्हातारी म्हणजे तेव्हाची कुमुदा. आणि चोच सोलवटलेला तो सुगरण मी होतो."

सोणुत्तरानं एकदम उठून चीवर सावरलं. "भन्ते, दार कुठल्या बाजूला हवं, ते मी तिला विचारलंच नाही. निघतो मी. चौथी बांधायचीय!"

नाकारलेलं काम न रागावता पुन्हा हाती घेणं, हीच वीर्यपारमिता, म्हणजे प्रयत्नांची पूर्णता.