पवित्र अग्नीवरची पेज

काशीच्या गादीवर सुबाहू नावाचा राजा होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका ब्राह्मणाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. डोंगरातल्या एका सपाटीवर आचार्य माठर यांचे गुरुकुल होते. सोमिल लहानपणी तिथे शिकायला आला आणि पुढे तिथलाच उपाचार्य झाला. येत्या चैत्री पौर्णिमेला आचार्य त्याला आपल्या आसनावर बसवणार होते.

ही गोष्ट मात्र आचार्यांच्या बाजूने सांगायला हवी, कारण वणवा आला त्या दिवशी खरा जीव टांगणीला लागला होता तो त्यांचा.

आचार्य माठर विद्वान होते, प्रेमळ होते आणि विलक्षण हट्टी होते. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी त्यांची जात. गुरुकुलाच्या अग्निशाळेत त्यांच्या खापरपणजोबांनी चेतवलेला अग्नी होता, तो कधी विझू दिलेला नव्हता. त्याला आहुती द्यायची. त्यावर अन्न शिजवायचे नाही की हात शेकायचे नाहीत. जो त्याला दुसऱ्या कामाला लावील त्याने आसनाची आशा सोडावी आणि गुरुकुलातून निघून जावे, असा नेम होता. आचार्यांच्या पत्नी सुभगामाई कधीकधी म्हणत, "थंडीत पोरं कुडकुडतात, आणि घरातला सगळ्यांत मोठा विस्तव नुसता तूप पीत बसतो." आचार्यांना ही थट्टा रुचत नसे.

दुसरा नेम दर्भाचा. सपाटीच्या पूर्वेला, थेट कड्याच्या टोकापर्यंत, दर्भाचे कुरण होते. श्रावणातल्या अमावास्येला मंत्र म्हणून तो खुडायचा, एरवी त्याला विळा लावायचा नाही. त्यामुळे फाल्गुन सरता सरता तो कमरेइतका उंच आणि वाळून कडकडीत झालेला उभा असे. कुट्यांभोवतीचा पट्टा तरी कापू या, असे सोमिलाने एकदा सुचवून पाहिले होते. "दर्भ आणि गवत यांतला फरक आता तुला नव्याने शिकवायचा का?" असे आचार्य म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

एके सकाळी पश्चिमेच्या डोंगरावर धूर दिसला. सोमिल झाडावर चढून पाहून आला.

"आचार्य, वणवा आहे आणि वारा आपल्याकडे आहे. पोरांना घेऊन आत्ताच खिंडीतून नदीवर उतरू या."

माईंनी सगळ्या चुलींवर पाणी ओतले, ठिणगी उडायला नको म्हणून. चाळीसेक विद्यार्थी होते. कुणाची गाठोडी बांधून झाली, कुणी रडू लागले. आचार्य अग्निशाळेत गेले आणि मातीच्या घटात निखारे भरू लागले. मग थांबले.

"मध्यान्हीची आहुती झाल्याशिवाय अग्नी उंबरा ओलांडत नाही," ते म्हणाले. "धूर लांब आहे. तेवढा वेळ आहे."

आणि वेळ आहे असे खरोखरच वाटत होते. सोमिलाने पुन्हा विनवले, मग तो पोरांकडे गेला; गुरूंचा शब्द त्याने तोवर कधी मोडला नव्हता. पोरे अंगणात ओळीने बसली. डोक्यावरून पाखरांचे थवे पूर्वेकडे जात होते. हरणांचा एक कळप अंगणातून पळत गेला. माणसांकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. ऊन पिवळे पडत चालले. आचार्य मंत्र म्हणत होते, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांचा एक चरण चुकला. तुपाच्या वाटीत कसली तरी काळी कणी पडलेली त्यांना दिसली. ती वणव्याची राख होती. त्यांनी ती बोटाने काढून टाकली आणि आहुती पुरी केली.

घट छातीशी धरून ते सर्वांच्या पुढे निघाले. खिंडीच्या तोंडाशी पोचतात तोच खालून फटाफट आवाज येऊ लागले. बांबूची पेरे फुटत होती. वणवा डोंगराला वळसा घालून त्यांच्या आधीच खिंडीत उतरला होता.

सगळे मागे पळाले. पश्चिमेला आग, दक्षिणेला जळती खिंड, उत्तरेला जंगलाने भरलेला उभा डोंगर. पूर्वेला कुरण, आणि कुरणापुढे कडा. कुट्या गवताने शाकारलेल्या. आचार्य अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

गुरुकुलात पोर दाखल होताना एक रीत होती. बाप पोराच्या हातात समिधांची मोळी द्यायचा, पोराचा हात आचार्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आता हा तुमच्या पदरात." एवढे बोलून बाप मागे न पाहता डोंगर उतरायचा. आचार्यांना ते सगळे बाप आठवले. नंदिक नावाचा सगळ्यांत धाकटा विद्यार्थी गेल्याच महिन्यात आला होता. त्याच्या बापाने जाताना मागे वळून पाहिले होते, आणि आचार्यांनी त्याला त्याबद्दल हसून दटावलेही होते. तो नंदिक आता त्यांचे उपरणे घट्ट धरून उभा होता.

सोमिल पुढे आला.

"आचार्य, मला अग्नी द्या."

"कशाला?"

"दर्भाचं कुरण पेटवायचं आहे. वारा ती आग आपल्यापासून लांब कड्याकडे नेईल. कड्यावर ती मरेल. मग पोरांना त्या राखेत नेऊन निजवू. एकदा जळलेली जागा पुन्हा जळत नाही."

"चुलीतला विस्तव घे."

"चुली विझवल्या, आचार्य. अरणीची लाकडं घासून नवा विस्तव पाडायला वेळ नाही. विस्तव आहे तो तुमच्या हातात."

"सोमिल, या अग्नीवर कधी दूधसुद्धा तापवलं नाही! त्यानं दर्भ जाळायचा? तुझं आसन जाईल. पौर्णिमेला दिवस किती राहिलेत?"

"आसन गेलं तर जाऊ द्या," सोमिल म्हणाला. "पोरं राहू देत."

आचार्यांनी घट दिला म्हणावे, तर त्यांनी दिला नाही. नाकारला म्हणावे, तर त्यांची बोटे सैल झाली होती. सोमिलाने घट त्यांच्या हातांतून काढून घेतला, कुरणाच्या अलीकडच्या काठाने धावत धावत सगळे निखारे ओतत गेला, आणि पुढे पेटता पेंढा ओढत नेला. दर्भ एकदम पेटला. पाच पिढ्या जपलेला अग्नी आणि श्रावणासाठी जपलेला दर्भ, दोन्ही डोळ्यांदेखत निघाले. आचार्यांना वाटले, आपले आतडेच कुणी ओढून काढते आहे. ते ओरडलेसुद्धा, पण त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नाही.

"अहो, हे धरा!" माईंनी ओल्या घोंगड्यांचा भारा त्यांच्या अंगावर लोटला. "रडायचं ते मागाहून रडा."

माईंनी स्वतः तांदळाचे पोते आणि पितळेचे मोठे पातेले ओढत आणले होते.

कुरणाची आग कड्यापर्यंत गेली आणि तिथे संपली. मागे काळी, धुमसणारी जमीन राहिली. सोमिलाने आणि थोरल्या मुलांनी घड्यांतले पाणी शिंपून वाट केली, आणि सगळे त्या राखेत शिरले. पाय पोळत होते. मधोमध पोरांना पालथे निजवले आणि वर ओली घोंगडी टाकली. एवढ्यात वणवा सपाटीवर चढला.

धुरात शेजारचा माणूस दिसेना. कोण आहे, कोण नाही, कळायला मार्ग नव्हता. तेव्हा आचार्यांना त्यांची एकच विद्या सुचली.

"म्हणा!" ते ओरडले. "सकाळचा पाठ म्हणा! मी थांबा म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही!"

घोंगड्यांखालून पाठ सुरू झाला. बसलेल्या घशांतून, रडत, खोकत, कसाही. इतकी वर्षे ते उच्चार तपासायला कान देत आले होते; आज फक्त आवाज मोजत होते. कुट्या कडकडून कोसळल्या. अग्निशाळेचे छप्पर गेले. ज्वाळा राखेच्या काठापर्यंत आल्या आणि खायला काही न मिळाल्याने तिथेच आडव्या पसरल्या. मध्येच नंदिकाचा बारीक आवाज थांबला. आचार्य अंदाजाने सरपटत गेले, घोंगडीखाली हात घातला, हाताला लहानसा खांदा लागला. तो हलला. पोर खोकले आणि पुढच्या चरणापासून पुन्हा म्हणू लागले. तो चरण चुकीचा होता. आचार्यांनी तो सुधारला नाही.

ऊन उतरता उतरता सगळे शांत झाले. सोमिलाने एकेकाला उठवून उभे केले. कुणाचे केस होरपळले होते, कुणाच्या पायांना फोड आले होते. कमी कुणीही नव्हते. आचार्य कितीतरी वेळ नुसते नंदिकाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मग सोमिल वाटेची काठी घेऊन आला आणि त्यांच्या पाया पडला. "नेम मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पोरांना नदीपलीकडच्या गावात पोचवतो आणि तिथूनच पुढे जातो. आशीर्वाद द्या."

रिकामा घट उचलून आचार्य अग्निशाळेकडे चालू लागले. तिचा एक खांब अजून आत लाल होता. काठीने त्यांनी त्याचे निखारे पाडले आणि घटात भरले. पोरे एकमेकांना खुणावू लागली. आता अग्नीची पुन्हा स्थापना होणार, बराच वेळ मंत्र चालणार. भुकेने रडणारी धाकटीसुद्धा सवयीने हात जोडून उभी राहिली.

आचार्य परत आले. तीन दगड मांडले. त्यांमध्ये तो घट पालथा केला, आणि माईंना म्हणाले, "पातेलं ठेव. पेज कर."

माई त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. मग लगबगीने पातेले ठेवून त्यांनी घड्यांतले उरलेले पाणी आणि तांदूळ ओतले.

आचार्यांनी वाकून निखारे फुंकले. धुराने की कशाने, त्यांचे डोळे वाहत होते. पेजेला कढ आला तेव्हा ते सोमिलाकडे वळले.

"अग्निशाळेच्या विस्तवावर पेज शिजली; आता नेम आपण दोघांनीही मोडला. जायचं तर मलाही जावं लागेल, आणि या वयात मला डोंगर उतरवत नाही. काठी खाली ठेव. पोरं भुकेली आहेत, वाढायला ये."

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका वृद्ध भिक्षूला सांगितली. ध्यानाची वेळ मोडू नये म्हणून तो तापाने फणफणलेल्या सोबत्याला एकटा टाकून आला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षू, त्या जन्मी माठर आचार्य तू होतास. नंदिक म्हणजे तुझा तो तापलेला सोबती. सोमिल मीच होतो. नेम पाळणे चांगलेच. पण ज्यांच्यासाठी नेम केले, ती माणसे आधी. याला करुणा म्हणतात."

वृद्ध भिक्षूने खाली मान घातली. मग तो उठला आणि पाण्याचे भांडे घेऊन सोबत्याच्या कुटीकडे गेला.