तुळशीने प्यालेले पाणी

सीना नदीच्या काठी बोरवंड नावाचे गाव होते. वेशीबाहेर एक जुना उंबर, आणि त्याखाली महाराजांचे आसन. म्हणून सगळा मुलूख त्यांना उंबरे महाराज म्हणे. चाळीस वर्षांत महाराज त्या झाडाखालून हलले नव्हते. आलेल्याला आधी पाणी पाजायचे, मग विचारपूस करायची, आणि उपदेश राहिलाच तर राहू द्यायचा, अशी त्यांची रीत.

त्या गावात मैना नावाची माळीण राही. नवरा पाटाच्या कामावर परगावी, घरात ती आणि सासू तानकाबाई. सासू-सुनेचे असे गूळपीठ की शेजारणींना हेवा वाटावा! मळ्यातली पहिली भाजी मैना रोज महाराजांपुढे ठेवी. गावचे खंडेराव मोकाशी तिला वाटेत अडवून विचारत, "काय मैना, झाडाखालच्या देवाला आज वांगी की दोडके?" मैना पदर सावरून पुढे जाई.

वैशाख लागला आणि तानकाबाईंचे काहीतरी बिनसले. गुरुवारी सुनेबरोबर शेंगा सोलत बसलेली बाई रविवारी तिच्याच अंगावर धावून आली. "कोण गं तू? माझ्या घरात कशी शिरलीस?" मैनाने पाणी पुढे केले, तर तांब्या भिरकावला. "विष कालवलंस त्यात! मला कळत नाही होय?" कधी गुंगीत पडून राही, कधी मेलेल्या बहिणीशी भिंतीकडे बघून बोले. आणि त्याच आठवड्यात अंगणातली तुळसही गेली.

मग काय, गावाला तेवढेच पुरले! मोकाशी चार माणसे घेऊन दारात उभे राहिले. "तुळस गेली, म्हातारी बिथरली. एक तर बाहेरचं शिरलंय, नाहीतर सुनेनंच काही खाऊ घातलंय. उद्या सकाळी म्हातारीला देवळाच्या खांबाला बांधू आणि मिरच्यांची धुरी देऊ. मग बोलेल खरं काय ते!"

 आपल्या नावाला काळिमा लागला याचे मैनाला काही नव्हते. पण दोन दिवस पाण्याचा थेंब न घेतलेला तो जीव धुरीत टिकणार कसा? शेजारणीला सासूजवळ बसवून ती भर उन्हात अनवाणी उंबराकडे धावली. गंमत बघायला मोकाशीही मागोमाग आले.

"आधी पाणी पी," महाराज म्हणाले. तिने ते प्याल्यावर विचारले, "हे कधीपासून, पोरी?"

"चार दिवस झाले, महाराज. त्याआधी अगदी शहाणी होती हो!"

"म्हातारपणात डोकं फिरतंच," मोकाशी म्हणाले.

"म्हातारपण चार दिवसांत येत नाही, खंडेराव. चार दिवसांत येतं ते दुखणं." महाराज पुन्हा मैनाकडे वळले. "कुठं पडली का? डोक्याला मार? नवीन काही झाडपाला, औषध?"

"काही नाही."

"पोट साफ होतं? लघवीचं कसं आहे?"

मैनाने मान खाली घातली. "लुगडं भिजतंय, महाराज. जळजळ होते म्हणून कण्हते. अंगही तापलंय."

महाराजांनी पुढे विचारले, "आणि तुळस? सुकली की कुजली?"

मोकाशी खो खो हसले. "म्हातारी राहिली बाजूला, महाराज आता तुळशीला औषध देणार!"

"कुजली," मैना आठवून म्हणाली. "ऐन वैशाखात मुळाशी चिखल होता."

"तू किती पाणी घालतेस?"

"सकाळी एक फुलपात्र."

"मग बाकीचं कोण घालतं?"

मैनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुखण्याआधी दुपारी आणि संध्याकाळी सासूच्या उशाशी ती भरला तांब्या ठेवी, आणि तो रिकामा दिसला की बरे वाटे. आत्याबाई ते पाणी पीत नव्हत्याच, तुळशीत ओतत होत्या! पण का?

महाराजांनी मोकाशींकडे पाहिले. "खंडेराव, हिच्या घरामागच्या पाणंदीच्या वाटेला बाभळीचं कुंपण कधी घातलंस?"

मोकाशी चपापले. "होळीनंतर. आमचीच जागा आहे ती."

"बाया आडोशाला तिथंच जायच्या ना? आता ओढ्याच्या दगडांवरून लांब जातात. सत्तरीची बाई गुडघे धरून तिथं जाणार कशी? बोलायची लाज. म्हणून पाणीच सोडलं तिनं. आणि होईल ती कळ अंधार पडेपर्यंत दाबून धरली. त्यातूनच हा ताप आला, आणि तो डोक्यात चढला."

 झाडाखालून न हललेल्या माणसाला ते कुंपण दिसले कसे?

आणि काय सांगावे! चाळीस वर्षांनी महाराज आसनावरून उठले आणि मैनाच्या घरी चालत गेले.

"आला का आणखी एक विष घेऊन?" तानकाबाई ओरडल्या.

महाराज जमिनीवर बसले, तानकाबाईंचा हात हातात घेतला. "माय, आधी मी पितो." एक घोट त्यांनी घेतला, मग तानकाबाईंनी. पुन्हा एक त्यांनी, एक बाईंनी. असा तांब्या संपला. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला होता. मैनाने सासूच्या कपाळाला हात लावला, तर ते निवत चाललेले!

"सोंग आहे!" म्हणत मोकाशींनी महाराजांचे मनगट धरले आणि तापल्या तव्याला लागावा तसा हात मागे घेतला.

"धण्याचं पाणी कर, मैना," महाराज म्हणाले. "घोट घोट देत राहा. खिडकी उघड, तिला दिवस-रात्र कळू दे. विष म्हणाली तरी वाद घालू नकोस. आणि तालुक्याच्या वैद्यांना आजच बोलाव. नुसती माझ्या भरवशावर बसू नकोस."

तीन दिवस महाराज उंबराखाली तापाने पडून होते. इकडे तानकाबाईंना वैद्यांचा काढा चालू होता. चौथ्या सकाळी तानकाबाईंनी डोळे उघडले. "मैने, अगं पाणी दे ना. घसा कोरडा पडलाय." मैना तांब्या हातात धरून लहान मुलासारखी रडली.

त्याच सकाळी मोकाशी उंबराखाली आले. रात्रभर झोप लागली नव्हती. उजाडताच सगळे कुंपण त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटले होते. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"माझ्याकडं काय आहे? जिची वाट अडवलीस तिच्याकडं जा."

मोकाशी गेले. सगळ्या गावादेखत त्या म्हाताऱ्या माळणीच्या बाजेपुढे ते वाकले. भाविकहो, तानकाबाईंनी त्यांना एक शब्द ऐकवला नाही. त्या फक्त त्यांच्या ओरबाडलेल्या हातांकडे बघत राहिल्या.

"मैने," त्या म्हणाल्या, "खंडूच्या हाताला हळद लाव गं. आणि आधी त्याला पाणी दे."