तिसऱ्यांदा आलेली व्हॅन

"तिसऱ्यांदा गिअर सुटायला लागला, उस्ताद! माझं चुकतंय तरी काय?"

निरंजनने पाना फरशीवर टाकला. मिरजेत दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली पाच वर्षं काढलेला हा गडी. गिअरबॉक्स म्हणजे हातचा मळ, असं चारचौघांत सांगायचा. परवा त्याच्या स्वतःच्या गॅरेजचं उद्घाटन होतं, पाटीही रंगवून झाली होती. आणि नेमकी आजच आक्काताईंची व्हॅन परत दारात!

वर्षभरात दोनदा त्याने गिअरबॉक्स उघडला होता. दोन्ही वेळा आतला, गिअर धरून ठेवणारा फोर्क झिजलेला. दोन्ही वेळा नवा घातला. आता ही गाडी चौथ्यांदा आली, तर त्याच्या नव्या दारात कुत्रंही फिरकणार नव्हतं.

उस्तादांनी बशीतला चहा संपवला.

"चल, एक चक्कर मारू."

आक्काताई लग्नाच्या स्वयंपाकाच्या बायकांची ने-आण करायच्या. गाडी थांबेल, पण त्यांचं तोंड थांबायचं नाही. निरंजन त्यांच्या शेजारी डोळे मिटून, कान गिअरकडे लावून बसला. उस्ताद मागे पातेल्यांच्यात बसले.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय ऐकलंस?"

"तिसऱ्यात घरघर."

"आणि बघितलंस काय?"

"डोळे मिटले होते ना मी!"

"हं…"

निरंजनने गिअरबॉक्स उतरवून टेबलावर घेतला. उस्ताद मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पोरगा सुखावला. पाच वर्षांत पहिल्यांदाच!

अर्ध्या तासाने खांदा अवघडला. एक नट हातातून निसटला. मग दुसरा. हात तिथंच.

"उस्ताद…"

"बोल."

"हात काढा की! असा भार दिल्यावर काम कसं व्हायचं?"

उस्तादांनी हात काढला. ते व्हॅनपाशी गेले आणि आत बघत उभे राहिले.

निरंजनही गेला. गिअरच्या दांडीची मूठ… तिच्यावरचे आकडे पार पुसले गेले होते. त्याने बाहेर बाकावर बसलेल्या आक्काताईंना हाक मारली.

"आक्काताई, गाडी चालवताना डावा हात कुठं असतो तुमचा?"

"गिअरवर. आणि कुठं ठेवू? तेवढाच तिला आधार, बाबा!"

निरंजन आधी बघतच राहिला. मग असा हसत सुटला, की फरशीवरच बसला. वर दांडीवर भार, म्हणजे आत फोर्कवर भार. नवा घातला तरी तो झिजणारच. वर्षभर तो गिअरबॉक्स उघडत होता, आणि दुखणं बाहेर बाकावर बसून त्याच्याशी गप्पा मारत होतं!

संध्याकाळी नवा फोर्क, नवं ऑइल पडलं. आक्काताई दोन्ही हात स्टिअरिंगवर धरून पुलाच्या चढावर गेल्या आणि हॉर्न वाजवतच परत आल्या.

"सुटला नाही रे! एकदाबी नाही!"

निरंजनला आनंद आवरेना. त्याने वाकून उस्तादांचे पाय धरले.

"उस्ताद, परवा यायचं. आणि डोक्यावर तुमचा हात कायम असू द्या."

उस्तादांनी फडक्याला हात पुसले आणि ते सदऱ्याच्या दोन्ही खिशांत घातले.

"येतो की, बेटा. पण हात खिशातच राहतील."