पंधरा करवंट्यांचं न्हाण

फार वर्षांपूर्वी, शेवंडी बेटावर दीपस्तंभ नव्हता आणि होड्या नुसत्या शिडांवर चालत, तेव्हाची ही गोष्ट.

बेटावर चाळीस घरं होती, उंडीची झाडं होती आणि गोड्या पाण्याची एकच विहीर होती. चैत्र सरला की तिचं पाणी तळाला जाई. जरा जास्त उपसा झाला, की आत समुद्राचं खारं पाणी शिरे. म्हणून होळीनंतर पाणी मापून द्यायचं, असं गावाने ठरवलं होतं. मापायचं काम देवकायकडे होतं.

देवकाय विधवा होती, एकटी राहत असे. समुद्रातून वाहत आलेल्या नारळाची मोठी करवंटी तिने घासून गुळगुळीत केली होती. पहाटे ती विहिरीच्या काठावर बसे आणि माणशी पाच करवंट्या पाणी घाली, मोठ्याने मोजत. गावचा पुढारी गावकर असो की तान्हं मूल, पाचच. असं म्हणतात, त्या करवंटीतून सांडलेला थेंब कोणी कधी पाहिला नाही. भिवा गावकराने नातवाच्या बारशाला एक करवंटी वाढवून मागितली, तेव्हा ती म्हणाली होती, "बारसं मिरगात कर. तेव्हा आभाळच न्हाऊ घालील त्याला."

एका वैशाखात वारा पडला आणि कौलं भरलेला एक मचवा बेटाशी येऊन थांबला. त्यावर दोघंच होती, जनू तांडेल आणि त्याची बायको मथी. पटकीच्या साथीत मथीचं माहेर आणि सासर दोन्ही गेलं होतं. मागे ठेवायला घरच उरलं नाही, म्हणून जनूने तिला नावेवर घेतलं होतं. बाई नावेवर अपशकुनी, असं लोक म्हणाले. त्याने ऐकलं नाही.

संध्याकाळी वारा सुटेपर्यंत दोघं बेटाची पाहुणी झाली. शेवंडीवर पाहुणा वर्षातून एखाददुसराच यायचा. सगळ्यांनी त्यांना उंडीखाली बसवलं. कोणी गरम भाकऱ्या आणल्या, कोणी बोंबील भाजले, कोणी त्यांचं फाटलेलं शीड शिवायला घेतलं. प्रत्येक घराने आपल्या वाटणीतलं घोट घोट पाणी त्यांच्या तांब्यात ओतलं.

"जेव गो बाय," एक म्हातारी मथीला म्हणाली. "नावेवर काय, नवरा रांधतो?"

"रांधतो ना," जनू म्हणाला. "म्हणून तर ही इतकी वाळली!"

सगळे हसले. मथीही हसली, आणि हसताना तिचा पदर डोक्यावरून घसरला. तिचे केस मिठाने ताठ होऊन दोरखंडासारखे वळले होते. नावेवर गोडं पाणी पिण्यापुरतंच असायचं.

"काथ्या!" एक पोर ओरडलं.

मथीने पदर ओढून घेतला. हातातली भाकरी तिने खाली ठेवली.

देवकाय हे पाहत होती. तिला स्वतःला नवरी म्हणून होडीतून आणलं होतं, तेव्हाही वैशाखच होता. दुष्काळात नव्या माणसावर गोडं पाणी कशाला घालवायचं, म्हणून तिचे पाय समुद्राच्याच पाण्याने धुतले होते. ते ती कधी कोणाला बोलली नव्हती.

ती मथीजवळ जाऊन बसली. "तुला शेवटचं कोणी न्हाऊ घातलं?"

"आई होती तेव्हा," मथी म्हणाली.

देवकाय उठली. तिने जास्वंदीचा पाला आणून वाटला. मथीला विहिरीखालच्या खडकावर बसवलं, केसांना खोबरेल चोळलं, आणि विहिरीत पोहरा सोडला. पोहऱ्याचा आवाज ऐकून भिवा गावकर धावत आला.

"देवकाय! माझ्या नातवाला नाही, आणि परक्या बाईच्या डोक्यावर ओततेस?"

"गावाचं नाही ओतत. माझं ओतते. तीन दिवसांचं."

"आणि एकदम उपसल्यावर विहीर खारट झाली तर? गाव काय पिणार?"

देवकायचा हात क्षणभर थांबला. मग तिने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. सगळा गाव उभा राहून ऐकत होता. चौदापर्यंत आवाज आला. पंधरावी करवंटी तिने न बोलता ओतली. केसांतलं पाणी खडकाच्या भेगेत मुरून गेलं.

संध्याकाळी वारा सुटला. मथी मोकळ्या केसांनी मचव्यावर चढली.

दुसऱ्या दिवशी देवकायने सगळ्यांना पाणी मापून दिलं आणि स्वतः कोरडी उठली. तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी मचूळ लागलं. लोक तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करू लागले. तरी बायका चोरून तिच्या दारात पाणी ठेवून जात. ती ते उचलून परत विहिरीत ओती. "मापणाऱ्याने दुसऱ्याचं प्यायलं, की माप मेलं," ती म्हणायची. तिचे ओठ फुटले, जीभ जड झाली. असं म्हणतात, हात मात्र हलला नाही.

पाचव्या पहाटे विहीर पुरती खारट झाली होती. भिवा गावकर नातवाला कडेवर घेऊन नुसता उभा राहिला. देवकाय करवंटी घेऊन खाली समुद्राकडे चालू लागली. ती जीव द्यायला निघाली असं काहींना वाटलं आणि ते मागे धावले.

ओहोटी लागली होती. विहिरीखालच्या खडकांत, एरवी भरतीखाली बुडणाऱ्या जागी, टिवळ्यांचा थवा उतरला होता. पाखरं चोची बुडवत होती आणि माना वर करत होती. देवकाय थबकली. पाखरं खारं पाणी असं पीत नाहीत.

खडकाच्या भेगेतून बोटाएवढी धार वाहत होती. देवकायने करवंटी भरली. आधी ती भिवाच्या नातवाच्या ओठाला लावली. पोराने तोंड वाकडं केलं नाही, आणखी मागितलं. मग साऱ्या गावाला पाच-पाच करवंट्या मोजून झाल्यावर ती स्वतः प्यायली.

असं म्हणतात, त्या पाण्याला जास्वंदीच्या पाल्याचा वास होता.

भरती आली की ती धार बुडते, ओहोटीला पुन्हा उघडी पडते. शेवंडीवर तिला देवकायचं पाणी म्हणतात. आता बेटावर नळ आला आहे. तरी कोणी बाई होडीने पहिल्यांदा बेटावर उतरली, मग ती नवरी असो, शाळेतली बाई असो की दवाखान्यातली नर्स, तर बायका तिला ओहोटीला त्या खडकावर बसवतात आणि करवंटीने न्हाऊ घालतात. जी पाणी घालते, ती पुढच्या ओहोटीपर्यंत पाण्याला शिवत नाही.

चौदापर्यंत सगळ्याजणी मोठ्याने मोजतात. पंधराव्या करवंटीला कोणी बोलत नाही.