शेळवंडीचा खापरातला घट

शेळवंडीच्या फाट्यावर उतरून गावाकडे चालायला लागले की ओढ्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक बुटकी टेकडी दिसते. लांबून ती तांबड्या मुरमाची वाटते. जवळ गेल्यावर कळते की ती नुसत्या फुटक्या मडक्यांची आहे. तिला खापरटेक म्हणतात. नवरात्रात आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना नवल वाटते, कारण घटस्थापनेच्या दिवशी आमच्या देवळात घट नसतो. तो गावाबाहेर या टेकडीवर बसतो. आणि घट म्हणजे मडके नाही, एक मोठे खापर. त्यात माती, मातीत धान्य, आणि पाणी घालायचे ते ओंजळीने. पाहुणे विचारतात, "गावात कुंभार असून फुटका घट का?" तेव्हा गावातल्या बायका आधी एकमेकींकडे बघतात. मग कुणीतरी सांगते. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा मलाही असेच कुणीतरी सांगितले, तसे लिहिते.

फार मागे, पाटलाच्या आजोबाचेही आजोबा जन्मले नव्हते तेव्हा, गावात हैबती कुंभार होता असे सांगतात. त्याची बायको कोंडाबाई. धाकटा भाऊ म्हादू, आणि म्हादूची बायको येसू. दोघी जावा एका चुलीवर रांधायच्या. कोंडाबाईला तान्ही मुलगी होती, आणि ती आईपेक्षा येसूच्याच कडेवर जास्त असायची. येसू माती तुडवायची तीसुद्धा पोरीला पाठीशी बांधून.

नवरात्राचे घट भादव्यात भाजतात. भादव्यातला आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, अवघड. हवा ओली, वारा कधी फिरेल सांगता येत नाही. म्हणून आवा भाजून झाला तरी त्यावरची राख एकदम काढत नाहीत. रोज सकाळी थोडी सारायची, पुन्हा झाकायचे, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. आतले मडके आपल्या सवडीने निवते. त्या वर्षी हैबती आणि म्हादू आवा पेटवून, विझवून, गाढवे घेऊन लांबच्या तळ्यावर माती आणायला गेले. जाताना हैबती बायकोला म्हणाला, "मी येईस्तवर आवा तुझ्या हाती. राख हातानं सार. घाई करू नगं." एवढा विश्वास त्याने पहिल्यांदाच टाकला होता. कोंडाबाईला त्याचा अभिमान वाटला, आणि तिथेच चुकले म्हणे.

ओढ्यावर धुणे धुताना तान्हूबाई तेलीण तिला म्हणाली, "काय गं कोंडे, तुमच्या आव्याला दिवस गेल्यात का काय? कवा बाळंत हुयाचा?"

बायका खो खो हसल्या. दुसरी म्हणाली, "हैबती आल्याबिगर हिला मडकं तरी काढता येतंय का?"

कोंडाबाई पिळा हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "उद्या सकाळी या समद्या. आपापला घट घिऊनच जावा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आव्याशी गेली. राखेवर हात ठेवला तर अजून ऊन होती. बायका तर यायच्या होत्या. तिने हाताने सारली नाही. फावडे घेतले आणि सगळी राख एका दमात ओढून काढली. मडकी तांबडीलाल, देखणी दिसली. तिला वाटले, जमले. तेवढ्यात ओढ्याकडून गार वारा आला, बरोबर पावसाची बारीक बुरंगाट. आणि पहिले मडके वाजले. टण्ण. मग दुसरे. मग सगळा आवाच वाजायला लागला. ज्यांनी ऐकले ते सांगत, देवळातल्या घंटेसारखा आवाज होता, म्हणून बायकांना वाटले शुभच काहीतरी आहे, आणि त्या हसत हसत आल्या.

येऊन बघतात तर अख्ख्या गावाचे घट तडकलेले.

कोंडाबाईने फावडे कधीच राखेच्या ढिगामागे टाकले होते. तान्हूबाईने इकडे तिकडे पाहिले आणि विचारले, "घरात बाहेरची कोण हाय का गं?"

येसू त्या दिवसांत बाहेर बसलेली होती. अंगणाच्या पलीकडे शेरडांच्या खोपटात. आव्यावर विटाळशीची सावली पडली तर आवा फुटतो अशी तेव्हाची समजूत. सगळ्या बायकांनी खोपटाकडे माना वळवल्या.

कोंडाबाई खोटे बोलली नाही. हे आमच्याकडे मुद्दाम सांगतात. तिने फक्त मान खाली घातली आणि पोरीला छातीशी लावले. बायकांना तेवढे पुरले.

येसू खोपटाच्या दारातूनच म्हणाली, "जाऊबाई, मी हितनं हालले न्हाई. तुमीच मला कालवण आणून दिलं नव्हं? सांगा की."

कोंडाबाई पोरीची टाळू चाचपत राहिली.

संध्याकाळी हैबती आणि म्हादू परत आले. तोवर गावाचे ठरून गेले होते. ज्या बाईने देवीचे घट फोडले तिने गावात राहायचे नाही. म्हादू रडला, पण पंचांपुढे त्याचे काय चालणार? तो येसूला ओढ्यापर्यंत पोचवून आला. फुटकी मडकी गावकऱ्यांनी ओढ्याच्या पलीकडे नेऊन टाकली. तीच ही टेकडी. येसू त्या ढिगाला वळसा घालून माहेरी गेली. पोरगी त्या रात्री येसूसाठी रडून रडून झोपली, असे सांगतात.

पुढच्या भादव्यात हैबतीने स्वतः आवा लावला, स्वतः निववला. मडकी अख्खी निघाली. पण घटात पाणी भरले की पाझरायचे. तडा दिसायचा नाही, पाणी मात्र दसऱ्याच्या आत संपायचे आणि घटाखालचे धान्य कुजायचे. माती बदलली, मातीत मिसळायची लीद बदलली, आव्याची जागा बदलली. काही फरक पडला नाही. हैबती डोक्याला हात लावून बसायचा. कोंडाबाईला कारण ठाऊक होते. ती नवऱ्यासमोर भाकरी ठेवताना त्याच्याकडे बघत नसे.

सांगून टाकावे असे तिच्या मनात रोज यायचे, चुलीपाशी पोरीला मांडीवर घेऊन ती तसे पुटपुटायचीही. पण तिने आव्याकडूनच शिकवण घेतली. एकदम उघडले म्हणून फुटले ना? मग हेही थोडे थोडे उघडू. एकदम सांगितले तर घर तडकेल, नवरा टाकील, पोरीचे काय होईल? म्हणून पहिल्या वर्षी ती ओढ्यावर म्हणाली, "त्या दिवशी वारा पन लई हुता बया." बायका म्हणाल्या, "वारा काय दरसाल नसतो व्हय?" दुसऱ्या वर्षी म्हणाली, "शेरडं मोकळी हुती, आव्यावरनं गेली असतील." तान्हूबाई म्हणाली, "जावंची लई माया आली गं तुला. मोठ्या मनाची हाईस." कोंडाबाईला मोठ्या मनाची म्हणायला लागले लोक. तेही तिने ऐकून घेतले. येसूच्या माहेराकडे कुणी निघाले की त्याच्याजवळ मूठभर तीळ, एखादा खण असे पाठवायची. येसूने त्यातले काही ठेवून घेतले नाही. सगळे परत यायचे.

तिकडून बातमी एकच यायची. माहेरचेही कुंभारच. त्यांनी येसूला ठेवून घेतले, पण मातीला हात लावू देत नव्हते.

मग म्हादूचे दुसरे लग्न ठरले. दसरा झाला की सुपारी फुटायची होती. एकदा नवी नवरी घरात आली की येसूला परतायला दार उरणार नव्हते. कोंडाबाईने मनाशी म्हटले, यंदा आणखी थोडे सांगू. म्हणू की राख जरा जास्त सारली गेली. एवढेच.

घटस्थापनेच्या सकाळी सगळ्या बायका देवळाच्या पायरीवर आपापले पाझरते घट घेऊन बसल्या होत्या. पोरी बाजूला खेळत होत्या. ओल्या मातीची भातुकलीची मडकी मांडली होती आणि आवा-आवा चालला होता. कोंडाबाईची लेक आता चांगली बोलायला लागली होती. ती एका लहान पोरीला म्हणाली, "तू येसू हो. तू तिकडं लांब बस. हिकडं बघू नगंस, फुटल आमचं."

ती लहान पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मी काय केलं?"

"येसूनं बी काय केलं न्हवतं," कोंडाबाईची लेक म्हणाली, "तरी बसायचं अस्तंय."

इथे आले की सांगणारीचा आवाज खाली जातो. मीसुद्धा इथे थांबते. माझी लेक आता एक एक शब्द बोलते, आणि मी चुलीपाशी कुणाबद्दल काय बोलून जाते याची मला धास्ती वाटते. आपल्याला वाटते लेकरू खेळते आहे.

कोंडाबाई उठली. थोडे सांगायचे म्हणून जे जुळवून आणले होते ते तिला आठवेना. हातातला घट तिच्याच्याने धरवला नाही, पायरीवर पडला आणि फुटला. सगळ्या दचकल्या. ती म्हणाली, "आवा मी उघडला. फावड्यानं. समदी राख एकदम वडली. तुमी हसलासा म्हनून वडली. येसू खोपटातनं हालली नव्हती. मी बघत हुते. मी बोलले न्हाई."

एवढेच बोलली. पुढे रडलीसुद्धा नाही म्हणे.

हैबती देवळाच्या ओसरीवर होता. तो खाली उतरला. लोकांना वाटले, आता हात उगारतो. तो म्हणाला, "आन मी माती बदलत बसलो." आणि तिथेच पायरीवर बसला. म्हादूने पागोटे काढून हातात घेतले आणि तो सरळ ओढ्याकडे, येसूच्या माहेरच्या वाटेला, चालू लागला.

तान्हूबाई हळूच म्हणाली, "आमी तरी कुठं इचारलं हिला? माझ्या तोंडानं समद्या गावांत गेलं हे." मग कुणालाच मान वर करवेना. ज्यांनी ज्यांनी जत्रेत, बाजारात, लेकींच्या सासरी ती गोष्ट चवीने सांगितली होती, त्या सगळ्या जमिनीकडे बघत बसल्या. तेव्हा पाटलाची म्हातारी आई उठली. तिने फुटलेल्या घटाचे मोठे खापर उचलले, त्यात माती घातली, धान्य पेरले आणि म्हणाली, "देवीला हाच. अख्खा घट मांडायचं आपलं तोंड न्हाई. चला, तिला आणायला जाऊ."

ते खापर बरोबर घेऊन सगळा गाव येसूच्या माहेराला गेला. येसू आली. पण खापरटेकेपाशी आल्यावर थांबली. कोंडाबाईने पाय धरले तेव्हा तिने पाय मागे घेतले नाहीत, आणि उठही म्हणाली नाही. म्हणाली, "जाऊबाई, तुमी एका दमात बोललासा, बरं केलंसा. ते तसंच बोलायचं असतंय. पर मला एका दमात यायला जमायचं न्हाई. मी तडकंन."

पोरीने तिला ओळखले नाही. येसूने तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

त्या दिवशी ती टेकडीवरच राहिली. बायकांनी खापर तिथेच ठेवले. दुसऱ्या दिवशी ती ओढ्यापर्यंत आली, खापर ओढ्यापर्यंत आले. मग वेशीपर्यंत. मग पिंपळापर्यंत. कुणी "चल की" म्हटले नाही. तिचे बाहेर बसायचे दिवस होते तेव्हा, तरी ती ओंजळीने खापराला पाणी घालत होती, आणि कुणी तिला लांब हो म्हणाले नाही. दसऱ्याला खापर कुंभारवाड्याच्या अंगणात पोचले. धान्य वितीएवढे उगवले होते. येसू घरात कधी गेली, हे मात्र कुणी सांगत नाही. मी पुष्कळ जणींना विचारले.

आजही आमचा घट टेकडीवर बसतो आणि रोज थोडा थोडा गावात येतो. ट्रॅक्टर आहेत, रस्ता आहे, तरी कुणी तो उचलून एकदम आणत नाही. आजही रोज सकाळी घटाशी जमलो की आधी पुढे व्हायचे ते ज्या बाईचे ते दिवस असतील तिने. कुणी नाव घेत नाही, कुणी विचारत नाही. तिची ती पुढे जाते, पहिली ओंजळ तिची. बाकीच्या आम्ही तिच्या मागे उभ्या असतो, आणि ती पाणी घालून वळेपर्यंत मान वर करत नाही.